पंच वेगळे, पासबुक वेगळं : वस्तीचा धंदा उभा करू पाहणाऱ्यांसाठी

गटाचं पासबुक अध्यक्षाच्या शर्टाच्या वरच्या खिशात दिसलं की माझ्या पोटात गोळा येतो. सोलापूरच्या आसपासच्या बचत गटांची दप्तरं लिहून देणं, अडलेले हिशेब सोडवून देणं हे माझं काम. मोहोळ तालुक्यातल्या एका पारधी वस्तीवर चांगला चाललेला गट अशाच एका खिशातल्या पासबुकानं बुडाला. अध्यक्ष लबाड नव्हता. वस्तीत त्याच्याइतकी धावपळ करणारा दुसरा माणूसच नव्हता. भावाच्या जामिनाला पैसे लागले, त्यानं गटातून काढले, दोन महिन्यांत भरतो म्हणाला. त्याला विचारणार कोण? पंच तोच, अध्यक्ष तोच, घरोघरची भांडणं मिटवणाराही तोच. मीही तीन महिने वही न बघता ‘झकास चाललंय’ म्हणत राहिलो, ही माझी चूक. वही उघडली तेव्हा शिल्लक उरली होती ती फक्त कागदावर. त्या बायका आजही ‘गट’ म्हटलं की तोंड फिरवतात.

आदिवासी, विमुक्त आणि भटक्या समाजाच्या वस्त्यांवर कमाईचं काही उभं करू पाहणाऱ्या तरुण पोरापोरींसाठी हे लिहितोय. भाषण कसं करावं, हार कोणाला घालावा, हे यात नाही.

सोलापुरात ‘सेटलमेंट’ हा शब्द पत्ता म्हणून सांगतात. रिक्षावाला नुसता मान हलवतो. त्या शब्दामागे १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आहे. १९११ च्या सुधारित कायद्यानं तो मुंबई इलाख्यातही आला. कैकाडी, पारधी, टकारी, भामटा, कंजारभाट अशा जमातींना तारेच्या कुंपणात ठेवून त्यांची रोजची हजेरी घेतली जाई आणि त्यांना गिरण्यांत कामाला लावलं जाई. देश १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झाला, ही माणसं ३१ ऑगस्ट १९५२ ला, म्हणजे ५ वर्षं १६ दिवसांनी. म्हणून ३१ ऑगस्टला विमुक्त दिन पाळतात. पुढारीपण करणाऱ्यानं हा इतिहास एका व्यवहारी कारणासाठी लक्षात ठेवावा. वस्तीवर जाऊन रजिस्टर उघडलं की म्हातारी माणसं सावध होतात. वहीत नाव चढणं म्हणजे हजेरी, आणि हजेरी म्हणजे संशय, हे त्यांनी आईबापांकडून ऐकलेलं असतं. तुमच्या कामाची सुरुवात मात्र वहीनंच होणार असते.

पहिली पायरी : आधी वही न काढता फिरा

पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत काहीही लिहून घेऊ नका. ‘तुमच्या समस्या काय?’ असंही विचारू नका. रस्ता, पाणी, घरकुल हे उत्तर येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला देऊन देऊन पाठ झालेलं आहे. त्यापेक्षा विचारा, गेल्या वर्षी घरातले पैसे कुठल्या महिन्यात संपले? तेव्हा कोणाकडून आणले? काय भावानं? एवढ्या तीन प्रश्नांची उत्तरं वीस घरांतून मिळाली की वस्तीचा पैसा कुठून येतो आणि कुठल्या भोकातून गळतो, ते दिसायला लागतं. बहुतेक ठिकाणी गळती तीन-चारच असतात. आजारपण, लग्न, पोलिस-कोर्ट आणि सावकाराचं व्याज.

भाषेचं भान ठेवा. पारध्यांची बोली गुजरातीच्या वळणाची, कैकाड्यांची दक्षिणेकडच्या भाषांच्या वळणाची, आणि आपलं सोलापूर तर मराठी, कन्नड, तेलुगू एकाच वाक्यात बोलणारं. बैठकीतली चर्चा वस्तीच्या बोलीत होऊ द्या, इतिवृत्त मराठीत लिहा, आणि उठण्याआधी ते पुन्हा बोलीत सांगून घ्या. याला वेळ जातो. पण ‘मला कुठं समजलं होतं?’ हे वाक्य पुढच्या भांडणातून निघून जातं.

वेळही बघून निवडा. दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, आषाढीला निम्मी वस्ती पंढरपुरात काहीबाही विकायला जाते, संक्रांतीला सिद्धेश्वराचा गड्डा, म्हणजे सोलापूरची जत्रा. टोळ्या परत आल्या की चैत्र-वैशाखात सुरुवात करावी. तेव्हा माणसं घरी असतात आणि गेल्या हंगामाचा हिशेब डोक्यात ताजा असतो.

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाचं उदाहरण मी नेहमी देतो. तिथं निर्णय बहुमतानं होत नाहीत, सर्वसहमतीनं होतात. त्याआधी गावाचा अभ्यास गट बसतो, विषय उलटसुलट बोलून घेतो. देवाजी तोफा त्या गावाचे सर्वांना ठाऊक असलेले पुढारी. पण गावाला २००९ मध्ये जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ पासून ते आपला बांबू आपण विकू लागलं, त्यामागे अनेक वर्षांची ती बोलत बसण्याची सवय होती. आपल्याकडे जंगल नाही, माळ आहे. पण अभ्यास गटाला जंगल लागत नाही. रात्री जेवणं झाल्यावर सात-आठ माणसं आठवड्यातून एकदा एकाच विषयावर बोलायला बसली तरी पुरे.

दुसरी पायरी : कागद

हे काम कंटाळवाणं आहे, आणि इथंच निम्मे पुढारी गळतात. सोलापूरचेच बाळकृष्ण रेणके ज्याचे अध्यक्ष होते, त्या विमुक्त-भटक्यांच्या राष्ट्रीय आयोगानं २००८ मध्ये अहवाल दिला. साधी ओळखीची कागदपत्रंही या समाजांकडे नाहीत, हे दुखणं त्यात ठळकपणे आलं. तुमच्या वस्तीवर फिरलात तर अजूनही तेच दिसेल.

प्रत्येक घराचा एक जाड लिफाफा करा. आधार, रेशन कार्ड, बँक पासबुकाची झेरॉक्स, पोरांचे जन्मदाखले, शाळा सोडल्याचे दाखले, आणि जातीचा दाखला. शेवटच्या कागदाशी गाडी अडते. जातीच्या दाखल्यासाठी ठरावीक तारखेच्या आधीचा वास्तव्याचा पुरावा मागतात. अनुसूचित जमातीसाठी ती तारीख ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१. ज्यांचे आजोबा पालं घेऊन गावोगाव फिरत होते, त्यांना हा पुरावा घरात सापडत नाही. आजोबांच्या भावाचं, चुलत्याचं, आत्याचं शाळेतलं नाव शोधावं लागतं. तहसीलमधलं जुनं कोतवाल बुक, जन्म-मृत्यूच्या नोंदी धुंडाळाव्या लागतात. काहीच सापडलं नाही, तर स्थानिक चौकशी करून दाखला द्या असा लेखी अर्ज प्रांतांकडे करावा.

आता एक गुंता, जो फार जणांना उशिरा कळतो. फासेपारधी अनुसूचित जमातीत येतात. राज पारधी आणि पाल पारधी मात्र विमुक्त जातींच्या यादीत आहेत. शाळेच्या रजिस्टरात गुरुजींनी नुसतं ‘पारधी’ लिहून ठेवलेलं असतं. एका मांडवात बसणाऱ्या दोन घरांची त्यामुळे दोन वेगवेगळी खाती होतात. एकाला आदिवासी विकास विभाग आणि शबरी महामंडळ, दुसऱ्याला वसंतराव नाईक महामंडळ. कैकाड्यांचं तर विदर्भात एक आणि उरलेल्या महाराष्ट्रात दुसरंच. जगभर ज्यांना ‘मूळनिवासी समाज’ म्हणतील, ते आपल्याकडे तीन-चार कपाटांत वाटलेले आहेत. कर्ज, घरकुल, शिष्यवृत्ती यांपैकी कशाच्याही मागे लागण्याआधी कोणतं घर कोणत्या कपाटातलं, ते वहीत लिहून ठेवा. चुकीच्या कचेरीत वर्षभर खेटे घालणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि ‘तुमचं इथं होत नाही’ हे त्यांना पहिल्या दिवशी कोणीही सांगितलं नव्हतं.

कचेरीत जाताना एक पाळा. तोंडी विनंती करायची नाही, अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. अधिसूचित सेवा किती दिवसांत द्यायची ते ठरलेलं असतं, आणि न दिल्यास अपील करता येतं. पोच नसली तर अपील कशाच्या जोरावर करणार? आवाज चढवून काम होतं असं नव्या पुढाऱ्याला वाटतं. माझा अनुभव असा, की तारखेची पोच टेबलावर शांतपणे ठेवली की आवाज चढवायची वेळच फारशी येत नाही.

तिसरी पायरी : मोजता येईल असं ध्येय

‘समाजाचा सर्वांगीण विकास’ हे ध्येय फलकावर शोभतं. वस्तीला त्याचा उपयोग नाही, कारण ते झालं की नाही हे कोणालाच सांगता येत नाही. योजना बघून ध्येय ठरवण्याचाही मोठा रोग आहे. शिलाई मशीन मिळतंय म्हणून शिलाईचा गट, पिठाची गिरणी मिळतेय म्हणून गिरणी. दोन वर्षांनी बघावं तर मशीनवर कपडे वाळत घातलेले.

मला आवडलेलं एक ध्येय सांगतो. अठरा घरांची वस्ती. पंधरा घरं ऊसतोडीला जातात, मुकादमाकडून उचल घेऊन. उचल म्हणजे आधी घेतलेला पैसा, तो फिटेपर्यंत कोयता हातातून सुटत नाही. हंगामभर पोरांची शाळा बुडते ती त्यानंच. बैठकीत एका आक्कानं विचारलं, ‘पुढच्या दसऱ्याला पाच घरांनी उचल घेतली नाही, असं करता येईल काय की?’ झालं, ध्येय ठरलं. पंधरापैकी पाच घरं. दसऱ्याला मोजायचं. कोणती पाच, तेही तिथंच ठरलं. ज्यांच्यावर जुनं कर्ज सगळ्यात कमी, ती आधी. सगळ्यात गरीब घर पहिल्यांदा घ्यावं असं मला वाटत होतं, तसं मी बोललोही. बायकांनी मला खोडून काढलं. पहिली पाच निघाली तर बाकीच्यांना धीर येईल, पहिलीच बुडाली तर कोणी उठणार नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांचं बरोबर होतं.

एकदा ध्येय असं ठरलं की मागं मागं चालत यायचं. उचल कशासाठी घेतात? एका घरात लेकीच्या लग्नाचं देणं, दुसऱ्यात दवाखाना, तिसऱ्यात पावसाळ्याचे चार महिने हाताला काम नाही. म्हणजे उपायही तीन वेगळे. योजनेचा नंबर यानंतर लागतो.

ध्येय एकच आणि स्पष्ट असलं की माणसं किती वर्षं टिकून राहतात, हे बघायला लांब जायला नको. सोलापूरजवळच्या कुंभारीला जा. विडी कामगार बायकांनी ‘स्वतःचं घर’ एवढ्या एका मागणीवर कम्युनिस्ट पुढारी नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली सहकारी संस्था बांधली आणि तिथं दहा हजार घरांची वसाहत उभी केली. १९४५ साली वारल्यांना संघटित करणाऱ्या गोदुताई परुळेकरांचं नाव त्या वसाहतीला आहे. पुढं तीस हजार घरांचं रे नगर हाती घेतलं, आणि त्यातल्या पहिल्या पंधरा हजार घरांच्या किल्ल्या जानेवारी २०२४ मध्ये दिल्या गेल्या. राजकारण पटो न पटो, ‘घर’ हा शब्द त्या बायकांनी मध्येच बदलला नाही, हे शिकण्यासारखं आहे.

चौथी पायरी : पंच आणि पासबुक यांची फारकत

सगळ्यात अवघड पायरी हीच, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची.

वस्तीवर ज्याचा शब्द चालतो, त्यालाच गटाचाही प्रमुख करायचा मोह होतो. सोपं पडतं. पण भांडण मिटवणाऱ्याला सगळ्यांना थोडं थोडं सांभाळून घ्यावं लागतं, आणि पैसे सांभाळणाऱ्याला प्रसंगी सख्ख्या मामालाही ‘नाही’ म्हणावं लागतं. एकाच माणसाकडून ही दोन्ही कामं नीट होत नाहीत. अमेरिकेतल्या मूळनिवासी जमातींच्या आर्थिक विकासाचा अभ्यास हार्वर्ड विद्यापीठात १९८७ पासून चालू आहे. त्यात वारंवार पुढे आलेली एक गोष्ट अशी, की जमातीच्या मालकीचा धंदा जमातीच्या राजकारणापासून वेगळा ठेवला, तर तो नफ्यात राहण्याची शक्यता वाढते. कॅनडात केप ब्रेटन बेटावर मेंबरटू नावाची मिकमाक या मूळनिवासी लोकांची वस्ती आहे. तीस वर्षांपूर्वी ती तोट्यात होती. टेरी पॉल हे त्यांचे प्रमुख १९८४ पासून आहेत. त्यांनी बाहेर शिकलेली आपलीच माणसं परत बोलावली, कारभाराची घडी बसवली आणि २००२ मध्ये थेट आयएसओ हे कारभाराच्या दर्जाचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र घेतलं. कुठल्याही मूळनिवासी समाजाच्या कारभाराला मिळालेलं ते पहिलं. आपल्या हिशेबावर बाहेरच्यानं विश्वास ठेवावा, हा त्यामागचा हेतू. २०२१ मध्ये आसपासच्या मिकमाक वस्त्यांबरोबर मिळून त्यांनी क्लिअरवॉटर ही समुद्री मासळीची बडी कंपनी भागीदारीत विकत घेतली.

आपल्या गटाला आयएसओ नको. पुढचं पाळलं तरी भागेल.

खात्यावर सही करणाऱ्या तिघी, तिघी वेगवेगळ्या घरच्या. पासबुक मात्र चौथीकडे, जिला सही करायचा अधिकार नाही. जातीतले पंच पदाधिकारी नसावेत. त्यांना मानाचं आसन द्या, चहा आधी द्या, सल्ला विचारा, पण पेन देऊ नका. पदाधिकाऱ्याच्या घरातल्या कोणी कर्ज मागितलं तर त्या चर्चेपुरतं तिनं उठून बाहेर बसायचं. दर बैठकीत रोकड सगळ्यांसमोर मोजायची, मोठ्यानं, आणि मोजणारी दर वेळी वेगळी. गैरहजर राहिलं की दहा रुपये दंड, तो अध्यक्षालाही.

आणि जामीन. हा विषय बाहेरचे प्रशिक्षक काढत नाहीत, कारण त्यांना तो अवघड वाटतो. आसपास कुठं चोरी झाली की पोलिस पहिल्यांदा पारध्यांच्या वस्तीवर येतात, हे इथल्या कोणाला सांगायला नको. पोरगा उचलला की घरच्यांना पैसे लागतात आणि हाताशी फक्त गटाची पेटी असते. नुसतं ‘गटाचे पैसे जामिनाला द्यायचे नाहीत’ असा ठराव केलात तर तो पहिल्याच रात्री मोडेल. म्हणून अडचणीचा निधी पहिल्या दिवसापासून वेगळा काढा, घरटी आठवड्याला दहा रुपये का होईना. दुसरं, माहिती ठेवा. अटक केल्यावर चोवीस तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यापुढं उभं करावं लागतं. अनुसूचित जमातीच्या माणसाला, कोणत्याही समाजाच्या स्त्रीला आणि कोठडीत असलेल्या कोणालाही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो. १५१०० हा त्यांचा नंबर वस्तीवरच्या प्रत्येक मोबाईलमध्ये असावा. पुढाऱ्याचं हे कौशल्य कुठल्याच पुस्तकात दिलेलं नसतं, पण अर्ध्या रात्री तेच उपयोगी पडतं.

पंच रागावले तर? कधी कधी रागावतात. ‘त्या गटात जाणाऱ्या घराशी रोटी-बेटी बंद’ अशी भाषा ऐकू आली तर महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा कायदा आहे, हे माहीत असू द्या. तो लगेच बाहेर काढू नका. आधी घरी जाऊन बसा. म्हाताऱ्याला बहुतेक वेळा कायद्याशी काही देणंघेणं नसतं, आपल्याला विचारलं नाही एवढंच सलत असतं.

पाचवी पायरी : धंद्याचं गणित तोंडानं म्हणता आलं पाहिजे

आकडे कागदावर मांडायच्या आधी बैठकीत मोठ्यानं म्हणा. समजा दहा जणींचा गट, आठवड्याला शंभर रुपये. आठवड्याचे हजार, वर्षाचे बावन्न हजार. त्यातून चौघींना बारा-बारा हजारांचं कर्ज, शेळीसाठी. महिन्याला शेकडा दोन व्याज, हप्ता हजाराचा. पहिल्या महिन्यात व्याज २४० रुपये, मग २२०, मग २००. वर्षभरात एकूण व्याज १,५६० रुपये, आणि तेही आपल्याच पेटीत. आता सावकाराचे शेकडा दहा म्हणा. मुद्दल तशीच उभी राहिली तर वर्षाचं नुसतं व्याज १४,४०० रुपये. हे मी फळ्यावर लिहीत नाही, खडे मांडून दाखवतो. एका मावशीनं खड्यांचा ढीग बघून विचारलं, ‘एवढं आपण देत होतो?’ त्यानंतर मला बचतीचं महत्त्व सांगायची गरज पडली नाही.

पण या गणितात एक खोट आहे. शेळी दर महिन्याला हजार रुपये देत नाही. ती गाभण राहणार, पाच महिन्यांनी विणार, करडू मोठं व्हायला आणखी वेळ. म्हणजे महिन्याचा हप्ता मजुरीतून जाणार, मजुरी बंद पडली की हप्ता थकणार, आणि मग ‘पारधी पैसे बुडवतात’ म्हणायला जग मोकळं. हप्ता शेळीच्या चालीनं बांधा. महिन्याला फक्त व्याज, मुद्दल बकरी ईदला. कुर्बानीला बोकड वर्षाचा पुरा झालेला लागतो, गिऱ्हाईक तोंड उघडून दात बघतं. म्हणजे ईदच्या सतरा महिने आधी शेळी गाभण राहायला हवी. शिवाय ईद दरवर्षी साधारण अकरा दिवस अलीकडे येते. हे कॅलेंडर वस्तीवर भिंतीवर रंगवून ठेवा.

जात उस्मानाबादीच घ्या. आपल्या कोरड्या हवेला ती काटक आहे, जुळी देते, आणि खात्रीचं जनावर शेजारच्याच जिल्ह्यात मिळतं. पावसाळ्याआधी आंत्रविषाराची लस, पीपीआरची, म्हणजे शेळ्यांच्या प्लेगची लस सरकारी दवाखान्यात विचारून. विमा उतरवला तर कानातला बिल्ला पडू देऊ नका, बिल्ल्याशिवाय दावा उभा राहत नाही.

शेळी हाच एक मार्ग असं नाही. सोलापुरात शाळेच्या आणि कंपन्यांच्या गणवेशांची मोठी शिलाई चालते, आणि तिथल्या कटिंगच्या चिंध्या किलोवर मिळतात. पारधी, वैदू बायकांच्या हातची गोधडी त्यातून उभी राहू शकते. फक्त ‘कुणालाही आवडेल’ अशी न शिवता मापं ठरवा, एक पाळण्याची, एक पलंगाची. सोलापूरजवळ नान्नजला १९७९ पासून माळढोक अभयारण्य आहे. तित्तर कुठल्या झुडपाखाली बसतो, लांडगा कुठल्या वाटेनं येतो, हे फासेपारध्यांच्या पोरांना बघून बघून ठाऊक. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद झाली, ज्ञान मात्र डोक्यात राहिलं. मध्य प्रदेशात पन्नाला पारधी तरुण पाहुण्यांना जंगल दाखवायला नेतात. इथं वन खात्याशी बोलून हे करून बघण्यासारखं आहे. पण पाहुणे रोज येत नाहीत, म्हणून हा धंदा चटणीसारखा धरावा, भाकरी दुसरीकडून यावी.

सहावी पायरी : बाजारात उभं राहणं

सांगोल्याच्या रविवारच्या जनावरांच्या बाजारात कधी गेलात तर दलालांचे हात बघा. रुमालाखाली बोटं धरून भाव ठरतो. आपल्या माणसाला बोटांची भाषा कळत नसेल, तर त्याचं जनावर कितीला गेलं हे त्यालाच शेवटी कळतं. नजरेवर विकण्यात तोटा ठरलेला. गटानं एक ताणकाटा घ्यावा, घरीच वजन करून जावं आणि किलोचा भाव आधी दोन ठिकाणी विचारून ठेवावा. एकट्यानं एक बोकड नेण्यापेक्षा आठ बोकड एका टेम्पोत न्या, भाडं वाटून जातं आणि व्यापारी आपण होऊन जवळ येतो.

घासाघीस करणं हे कौशल्य आहे, आणि ते पुढाऱ्याकडेच असावं असं काही नाही. आमच्याकडच्या एका गटात अध्यक्षा फार भिडस्त. विकायला जाते ती तिची जाऊ, जी व्यापाऱ्याला तीनदा पाठ दाखवून चालायला लागते आणि चौथ्यांदा भाव घेऊन येते. अध्यक्षा टेम्पोपाशी बसून वही लिहिते. ही कामाची वाटणी सुचणं हेही पुढारीपणच आहे.

नोंदणीबद्दल थोडक्यात. घाई नको. वर्ष-दोन वर्षं गट नीट चालला, माल वाढला, मगच सहकारी संस्था किंवा उत्पादक कंपनी यांचा विचार करा. दोन्हीला किमान दहा जण लागतात. सहकारी संस्थेत ते वेगवेगळ्या कुटुंबांतले हवेत, उत्पादक कंपनीत पाच तरी संचालक हवेत. कंपनीचं वार्षिक विवरण, लेखापरीक्षण यांचा खर्च दरवर्षी येतो, धंदा होवो न होवो. पाटी लावायच्या हौसेपायी हा खर्च अंगावर घेऊ नका.

सातवी पायरी : तुमच्याशिवाय

वही लिहिणारी दुसरी मुलगी तयार आहे का? वस्तीवर नववी-दहावीतली एखादी असतेच. तिला बैठकीचे पन्नास रुपये द्या, फुकट राबवू नका. सहा महिने तुमच्या शेजारी बसून लिहू द्या, मग तुम्ही तिच्या शेजारी बसा. तिचं लग्न ठरवायची घाई घरच्यांना होईल. गटातून येणारे ते पन्नास रुपये आणि ‘आमच्या पोरीशिवाय हिशेब होत नाही’ हा मान, यानं दोन-तीन घरी तरी लग्न पुढं ढकललेलं मी पाहिलंय.

वर्षातून एकदा मुद्दाम बाहेरगावी जा. बैठकीच्या दिवशीच. फोन बंद ठेवा.

गेल्या संक्रांतीला त्या अठरा घरांच्या वस्तीवर मी दप्तर बघायला गेलो. अध्यक्षा चार दिवस गड्ड्यावर गोधड्या विकत होती. बैठक झाली का, ही मला शंका. नववीतल्या पोरीनं वही पुढं केली. हजेरी, बचत, दोन कर्जांचे हप्ते, रोकड मोजून जुळलेली. खाली तिच्या गोल अक्षरात शेवटची नोंद होती : ‘अध्यक्ष गैरहजर. दंड दहा रुपये. वसूल.’